बिडाच्या कढईतली ब्राउनी

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या घरात ब्राउनी करायचं ठरलं की दोन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे घरात ओव्हन नसतो. दुसरी म्हणजे दुकानदार लगेच तयार मिश्रणाचं पाकीट पुढे करतो. पहिली अडचण वाटते तेवढी मोठी नाही आणि दुसरी सोय वाटते तेवढी सोयीची नाही. पाकिटात बहुतेक साखर आणि मैदा असतो, थोडी कोको पावडर असते, फुगवणारी पूड असते. यातलं काहीही असं नाही की जे वसमतच्या, कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या बाजारात सुटं मिळत नाही किंवा एका फेरीत हिंगोलीहून आणता येत नाही. पैसे मोजायचे ते कोकोसाठी मोजावेत, साखर-मैद्याच्या रंगीत पाकिटासाठी नव्हे.

भट्टीच्या पदार्थांत ब्राउनीइतका सोशिक पदार्थ दुसरा नाही. तिला केकसारखं फुगायचं नसतं, पावासारखं आंबायचं नसतं. मध्ये ती दाट आणि ओलसर राहावी, वर कागदासारखा पातळ पापुद्रा यावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. म्हणून ज्याला घरी काही भाजून करून बघायचं आहे त्याने सुरुवात केकने न करता ब्राउनीने करावी असं माझं ठाम मत आहे. केक बसला तर का बसला हे शोधताना नवखा माणूस कंटाळून जातो. ब्राउनीतला प्रत्येक जिन्नस काय काम करतो ते डोळ्यांना दिसतं.

पदार्थ अमेरिकेतला. तिथे सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीनुसार १८९३ साली शिकागोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी पामर हाउस हॉटेलच्या मालकीणबाई बर्था पामर यांनी आपल्या आचाऱ्यांना सांगितलं की बायकांना डब्यात नेता येईल, हाताने खाता येईल आणि केकच्या कापापेक्षा लहान असेल असं काही गोड करा. त्यांनी केली ती अक्रोड घातलेली, वरून जर्दाळूच्या पाकाचा हात फिरवलेली चॉकलेटची वडी. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद भरली होती आणि विवेकानंद तिथे बोलले होते, म्हणून ते साल आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. पुढे बोस्टनच्या फॅनी फार्मर यांच्या पाकपुस्तकाच्या १८९६ च्या आवृत्तीत ‘ब्राउनी’ या नावाची कृती आली, पण तिच्यात चॉकलेट नव्हतं, काकवी होती. चॉकलेटची कृती त्या पुस्तकात १९०६ च्या आवृत्तीत आली. म्हणजे आज ज्याला आपण ब्राउनी म्हणतो तो पदार्थ शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे आणि त्याचा मूळ हेतू डब्यात न्यायचा हाच होता. हॉटेलात तापलेल्या लोखंडी ताटलीवर आइस्क्रीम घालून चरचरत येते ती नंतरची हौस.

आता ओव्हनचा प्रश्न. मराठी घरात ओव्हन कधीच नव्हता. तो बेकरीवाल्याकडे असायचा. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर भट्टीचा पाव आला, पुण्यामुंबईत इराण्यांनी बेकऱ्या चालवल्या. गावोगावच्या बेकऱ्यांशी आपला घरोबा दिवाळीच्या नानकटाईपुरता होता. तूप, पिठीसाखर, रवा, मैदा डब्यात भरून न्यायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे आणि भाजून घरी आणायचे. जिन्नस आपले, उष्णता बेकरीवाल्याची.

पण भाजण्याची घरची विद्याही आपल्याकडे होती आणि ती मराठवाड्यात अजून जिवंत आहे. रोडगे हे तिचं उत्तम उदाहरण. एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला रोडगाच नवस बोलते, म्हणजे सोळाव्या शतकातही हा पदार्थ घरोघरी ठाऊक होता. शेतात किंवा देवळाच्या आवारात गोवऱ्या रचून पेटवायच्या, ज्वाळा आणि धूर निघून जाऊ द्यायचा आणि लालबुंद आर पडला की कणकेचे घट्ट, तेलाचं मोहन घातलेले गोळे त्यात सोडायचे. वरून गरम राख ओढायची आणि मधून मधून पालटायचे. काढल्यावर फडक्यात घेऊन राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वरण-वांग्याच्या भाजीबरोबर पंगतीत वाढायचे. विदर्भाच्या बाजूला पानगे करतात. त्यात कणीक पळसाच्या पानांत धरून निखाऱ्यावर ठेवतात. पान करपतं, कणीक करपत नाही आणि आतली वाफ आतच राहते.

रोडग्यात जे घडतं तेच ओव्हनमध्ये घडतं. चहूबाजूंनी कोरडी उष्णता लागते. बाहेरचं कवच शंभर अंशांच्या कितीतरी वर तापतं, तांबूस होतं, खमंग वास सुटतो. आत मात्र जोवर पाणी आहे तोवर तापमान शंभरच्या आसपासच अडून राहतं. आर शांत हवा, ज्वाळ नको, हे जे जुन्या बायका सांगतात त्याचं कारण हेच आहे. ज्वाळेने कवच लवकर जळतं आणि आत उष्णता पोचायला वेळच मिळत नाही. ब्राउनीला १६५ ते १७५ अंश सेल्सिअस एवढी उष्णता लागते, आणि ती कढईत सहज तयार होते.

कढई बिडाची, जाड, खोलगट घ्या. तळाला किलोभर जाडं मीठ किंवा धुऊन वाळवलेली चाळलेली वाळू पसरा. मीठ चुलीवर वितळत नाही. त्याचा वितळणबिंदू ८०१ अंश आहे. सुरुवातीला ओलाव्यामुळे ते थोडं तडतडतं, मग शांत होतं. या थराचं काम दुहेरी आहे. गॅसची ज्योत तळाच्या एकाच वर्तुळावर मारा करते, ती उष्णता हा थर पसरवतो. शिवाय तो उष्णता साठवून ठेवतो, त्यामुळे झाकण उघडलं तरी आतलं तापमान एकदम कोसळत नाही. भडभुंजा वाळूत फुटाणे भाजतो, नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या गरम वाळूत फोडतात, त्याचं कारणही हेच. मिठावर लहान तिवई किंवा उलटी ताटली ठेवा म्हणजे डबा थेट मिठाला टेकणार नाही. वर घट्ट बसणारं जड झाकण.

प्रेशर कुकर वापरायचा असेल तर झाकणाची शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ठेवायचे आणि आत पाणी अजिबात घालायचं नाही. यात तडजोड नाही. रोजच्या वरणभाताचा कुकरही या कामाला लावू नका. कोरडा तापवल्याने ॲल्युमिनियमचा तळ वाकतो. जुना, बाजूला काढलेला कुकर चालेल.

तापमान मोजायला थर्मामीटर नसला तरी अडत नाही. कढई झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग एका छोट्या ताटलीत चिमूटभर मैदा पसरून आत ठेवा आणि झाकण लावा. पाच मिनिटांनी मैदा बदामी झाला असेल तर उष्णता योग्य आहे. पांढराच राहिला तर आच कमी आहे, तपकिरी होऊन जळका वास आला तर जास्त आहे. हे जुन्या काळच्या भट्टीवाल्यांचं माप आहे आणि ते आजही खरं ठरतं. ही एक चाचणी तुमच्या शेगडीचं कोणतं बटण किती फिरवायचं ते कायमचं शिकवून जाते.

ज्यांच्याकडे विजेचा छोटा ओव्हन आहे त्यांनी १७० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवून घ्यावा. ब्राउनी पंचवीस ते तीस मिनिटांत होते. मध्येच वीज गेली तर दार न उघडता थांबावं. आतली उष्णता काही वेळ टिकते. पण वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावांत मला स्वतःला कढईच जास्त भरवशाची वाटते.

आता जिन्नस. पहिला कोको, कारण चव त्याचीच आहे.

परदेशी कृतींत बहुतेक ठिकाणी चॉकलेटची लादी वितळवून घालतात. मराठवाड्यात मी हा मार्ग सुचवणार नाही. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि हिंगोलीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. दुकानाच्या फळीवर लादी दिवसा मऊ होते, रात्री पुन्हा घट्ट होते आणि तिच्यावर पांढुरकी झाक येते. म्हणून इथे मिळते ती बरीचशी ‘कंपाउंड’ लादी असते, म्हणजे कोको बटरच्या जागी वनस्पती चरबी घातलेली. ती उन्हात टिकते खरी, पण तोंडात मेणासारखी राहते. कोको पावडरला हा जाच नाही. ती वितळत नाही, वर्षभर टिकते आणि तिच्यातला कोको निखळ असतो. १८२८ साली ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हौटन यांनी कोकोच्या लगद्यातलं बटर दाबून वेगळं काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही पावडर जगभर स्वस्त झाली. कोकोच्या बीमध्ये निम्म्याहून जास्त भाग स्निग्धाचा असतो, पावडरीत त्यातला थोडाच उरतो. म्हणूनच पावडरीच्या ब्राउनीत लोणी आपण वरून, आपल्या पसंतीचं घालतो. हा तोटा नसून फायदा आहे.

पाकीट घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ असं लिहून पुढे ५०० किंवा ५०१ हे आकडे असतील तर त्या कोकोवर क्षाराची प्रक्रिया झालेली आहे. असा कोको गडद, सौम्य असतो. असं काही लिहिलेलं नसेल तर तो नैसर्गिक, किंचित आंबट आणि फिकट असतो. आपल्या ब्राउनीत सोडा नाही, त्यामुळे दोन्ही चालतात. दिसायला काळीभोर हवी असेल तर पहिला घ्या. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ मात्र घेऊ नका, त्यात बहुतांश साखर असते.

सोडा का नाही, हे सांगण्यासाठी हिंगोलीत दुसरं काही शोधायची गरज नाही, हळद हाताशी आहे. इथल्या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिमूटभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर तिचा पट्टा ओढा आणि वाळू द्या. त्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. पिवळा पट्टा लालसर तपकिरी होतो. लिंबाचा थेंब टाका, परत पिवळा होतो. हळदीतलं कुर्क्युमिन क्षार आणि आम्ल असं रंगाने दाखवतं. सोडा क्षार आहे. त्याला दही, ताक, गूळ, लिंबू असं काही आंबट भेटलं तर वायू सुटतो आणि पदार्थ हलका होतो. पुरेसं आंबट नसलं तर सोडा तसाच मागे उरतो आणि साबणासारखी चव लागते. ब्राउनीला हलकं व्हायचंच नाही, मग सोडा घालून चव का घालवायची? बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्लही घातलेलं असतं, त्यामुळे ती सुरक्षित, पण तीही नको. मुलांना स्वयंपाकघरात घ्यायचं असेल तर कढई तापेपर्यंत हा कागदाचा प्रयोग त्यांच्याकडून करून घ्यावा.

स्निग्ध पदार्थाने ब्राउनीचा पोत ठरतो. लोणी थंड झाल्यावर घट्ट होतं, त्यामुळे नुसत्या लोण्याची ब्राउनी दुसऱ्या दिवशी कडक वाटते. तेल थंडीतही पातळच राहतं, त्यामुळे ब्राउनी मऊ, चिवट राहते, पण चव लोण्याचीच हवी. म्हणून लोणी जास्त आणि तेल थोडं असं मिसळावं. घरचं लोणी असेल तर ते पाण्यात दोन-तीनदा धुऊन ताक काढून टाका. त्याचा किंचित आंबूसपणा कोकोला शोभतो. बाजारचं पिवळं बटर खारट असतं, ते घेतलं तर वरचं मीठ वगळा. तूपच घालायचं असेल तर प्रमाण बदलतं. लोण्यात शेकडा सोळा-सतरा भाग पाणी असतं, तुपात जवळजवळ नाहीच. तेव्हा १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तूप आणि वर एक मोठा चमचा दूध. तेलासाठी मी करडईचं नाव घेईन. करडई हे मराठवाड्याचं जुनं गळिताचं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी कुसुम’ हे वाण शेतकऱ्यांना ठाऊक आहे. सोयाबीनच्या लाटेत करडईची शेतं खूप मागे पडली याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिचं तेल वासाला सौम्य असतं. घाण्याचं शेंगदाणा तेल इथे नको, त्याचा वास कोकोवर चढून बसतो.

साखर नुसत्या गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते आणि ब्राउनीला ओलसर ठेवते. वरचा चमकदार तडकलेला पापुद्राही तिचाच असतो. अंड्यातल्या पाण्यात विरघळलेली साखर वर येते, कोरडी होते आणि पातळ काचेसारखी थिजते. साखर विरघळलीच नाही तर पापुद्रा येत नाही. आपली बाजारातली साखर मोठ्या दाण्याची असते. पूर्णा कारखान्याच्या परिसरातल्या उसाची असो की कुठलीही, दाणा ठसठशीत. म्हणून ती मिक्सरमध्ये फिरवून पिठी करून घ्या. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च मिसळलेला असतो, तो टाळा. गोड कमी खायचं म्हणून साखर निम्मी करण्याचा मोह होतो. पाचव्या भागापर्यंत कमी केली तर चालते, त्याहून कमी केली की ब्राउनी कोरडा केक होते. गोड कमी हवं असेल तर तुकडा लहान कापावा.

गूळ घालून करता येते आणि चव फार छान, खोल लागते. गूळ बारीक चिरून लोण्याबरोबर मंद आचेवर विरघळवायचा आणि गाळून घ्यायचा. पापुद्रा येणार नाही, पोत चिवट होईल. गुळात ओलावा आणि थोडी आंबट बाजू असते, म्हणून फक्त याच प्रकारात सोड्याची बारीकशी चिमूट चालून जाते.

अंडं दोन कामं करतं. त्याच्यातली प्रथिनं गरम होऊन थिजतात आणि सगळ्याला बांधतात. फेटताना जी हवा शिरते तीच ब्राउनीचा थोडाबहुत फुगवटा. पण श्रावणात, किंवा एरवीही, अंडं घरात न येणारी कुटुंबं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्यासाठी उत्तर चटणीच्या डब्यात आहे. जवस. एका अंड्याच्या जागी एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवा. जवसाच्या सालीत असलेला चिकट पदार्थ पाणी ओढून घेतो आणि मिश्रण बुळबुळीत, तार सुटणारं होतं. चटणीसाठी भाजून ठेवलेला जवस न घेता कच्चा घ्या, भाजल्यावर त्याचा खमंग वास कोकोशी भांडतो. जवस बांधतो, पण अंड्यासारखा थिजत नाही. त्यामुळे ही ब्राउनी दहा मिनिटं जास्त भाजावी लागते आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय तिला सुरी लावता येत नाही. वरचा चमकदार पापुद्राही तिला नसतो. चवीला मात्र ती कमी नाही.

पीठ अगदी थोडं लागतं आणि तिथेच ज्वारीला वाव मिळतो. पावात गव्हाचं ग्लुटेन सगळा डोलारा उभा करतं. ब्राउनीत डोलाराच नाही, उलट ग्लुटेन जास्त झालं तर ती रबरासारखी ताणते. मैदा घातल्यावर फार ढवळू नका म्हणतात ते याचसाठी. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे ती भीतीच नाही. शाळू ज्वारी, मालदांडीसारखी, ताजी दळून आणलेली, मैद्याच्या चाळणीने चाळलेली घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची वाणंही आहेत: ‘परभणी मोती’, आणि लोह-जस्ताचं प्रमाण वाढवलेलं ‘परभणी शक्ती’. ज्वारीचे कण मैद्यापेक्षा रवाळ असतात, त्यांना पाणी प्यायला वेळ लागतो. म्हणून मिश्रण डब्यात ओतण्याआधी वीस मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर दाताखाली कचकच लागते. ज्यांना गहू वर्ज्यच आहे त्यांच्यासाठी ज्वारी गिरणीत देऊ नका. आधी कुणाचा गहू दळलेला असेल तर त्याचं पीठ यात येतंच. घरच्या जात्यावर किंवा मिक्सरवर दळा. ज्वारी आणि जवस दोन्ही एकदम पहिल्याच खेपेला घेऊ नयेत. दोन्ही बांधायला कमी पडतात आणि वडी भुरभुरते. अंडं असेल तर ज्वारी, जवस असेल तर मैदा किंवा कणीक, हा नेम ठेवावा.

प्रमाण ग्रॅममध्ये देतो आहे, आणि त्यामागे कारण आहे. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ या पाकपुस्तकाने वाटी-चमच्याचं चोख प्रमाण मराठी घरांत रुजवलं, आणि भाजी-आमटीला ते पुरतं. पण दाबून भरलेल्या वाटीत आणि सैल भरलेल्या वाटीत पिठाचा फरक मोठा पडतो, आणि ब्राउनीत मुळात पीठच थोडं असल्यामुळे तो फरक लगेच जाणवतो. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा ही भाजण्याच्या कामातली सगळ्यांत उपयोगी खरेदी आहे, ओव्हनपेक्षाही.

१८ सेंटिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यासाठी: लोणी १०० ग्रॅम, करडईचं तेल दोन मोठे चमचे, पिठीसाखर २२० ग्रॅम, कोको ६५ ग्रॅम, मैदा किंवा ज्वारीचं पीठ ६५ ग्रॅम, अंडी दोन, मीठ पाव छोटा चमचा, इन्स्टंट कॉफी एक छोटा चमचा, दोन मोठे चमचे उकळतं पाणी आणि भाजून सोललेले, जाडसर भरडलेले शेंगदाणे ६० ग्रॅम. अक्रोड असतील तर घाला, पण शेंगदाणा इथला आहे आणि कोकोशी त्याचं जमतं. स्टीलचा डबा टाळा, त्यात उष्णता सारखी पसरत नाही आणि तळाला ठिकठिकाणी करपतं. डब्याला आतून लोण्याचा हात लावून बटर पेपर घाला, त्याची टोकं वर राहू द्या म्हणजे काढताना धरता येतील.

लोणी आणि तेल पातेल्यात गरम करा, बुडबुडे येऊ लागले की उतरवा. त्यात कोको, मीठ आणि पाण्यात विरघळवलेली कॉफी घालून घोटा. गरम स्निग्धात कोकोचा सुगंध खुलतो, कोरड्या पिठात मिसळलेल्या कोकोचा तसा खुलत नाही. या पायरीला घाई करू नये, सगळी चव इथे ठरते. कॉफीची चव वेगळी लागत नाही, ती कोकोचा कडवटपणा भरीव करते. आता पिठीसाखर घाला. मिश्रण रवाळ, जड दिसेल, तसंच दिसायला हवं. बोट बुडवून बघा. कोमट असेल तरच अंडी घाला, नाहीतर अंडी शिजून गाठी होतील. एक अंडं घालून फेटा, मग दुसरं. दुसऱ्यानंतर दोन-तीन मिनिटं जोरात फेटायचं. हात दुखू लागतो त्या सुमाराला मिश्रण एकदम बदलतं. मंद असलेला रंग चकचकीत होतो आणि चमचा उचलला की जाड फितीसारखं खाली पडून फीत क्षणभर तशीच दिसत राहते. साखर विरघळल्याची ही खूण. मग पीठ चाळून घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलक्या हाताने मिसळा. शेवटी शेंगदाणे.

डब्यात ओतून सारखं करा, तापलेल्या कढईत तिवईवर ठेवा, झाकण लावा, आच मंद ते मध्यम. पहिली तीस मिनिटं झाकण उघडू नका. कढईतली वाफ बाहेर जायला जागा कमी असते, त्यामुळे ओव्हनइतका पापुद्रा येत नाही. शेवटची दहा मिनिटं झाकण बोटभर कलतं ठेवलं तर बराच येतो. साधारण चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. मधोमध काडी खुपसून बघा. काडी स्वच्छ निघाली तर ब्राउनी जास्त झाली, केकचा हा नियम इथे लावायचा नाही. ओलं पीठ चिकटून आलं तर कमी झाली. ओलसर कण चिकटलेली काडी निघाली की गॅस लगेच बंद करा आणि डबा कढईबाहेर काढा. तसाच आत ठेवला तर मिठात साठलेली उष्णता तिला भाजतच राहते.

गरम ब्राउनी कापू नये. गरम असताना लोणी पातळ असतं, पिठातला स्टार्च अजून बसलेला नसतो, सुरीला गाळ लागतो. खोलीच्या तापमानाला दोन-तीन तास आणि उन्हाळ्यात वर एक तास फ्रिजमध्ये, मग कापा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्या म्हणजे कडा सरळ येतात. घट्ट झाकणाच्या डब्यात हिवाळ्यात तीन-चार दिवस बाहेर टिकते. एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्येच ठेवावी. दुसऱ्या दिवशी ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि चव पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते, त्यामुळे कुणाच्या वाढदिवसासाठी करायची असेल तर आदल्या दिवशीच करावी.

पहिली खेप मैदा आणि अंड्याची किंवा मैदा आणि जवसाची करा. ज्वारी, गूळ पुढच्या खेपांना. तुमची कढई, तुमची शेगडी आणि तुमचा डबा यांची वेळ माझ्या वेळेपेक्षा पाच-सात मिनिटं इकडेतिकडे असणारच. ती पहिल्याच खेपेला कागदावर लिहून मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी घरातलं दुसरं कुणीही ती करू शकेल.